चिमटीतून चेहरा

नायगाव स्टेशनला पूर्वेकडे उतरले की जूचंद्रला जाणाऱ्या रिक्षा मिळतात. वाटेत मिठागरे, खाजण, गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती आणि मग टेकडी. टेकडीवर चंडिकादेवीचे देऊळ. वसई रोड–दिवा मार्गावर गावाच्या नावाचे स्टेशनही आहे. पण आमच्या वसईकडे कुणी 'जूचंद्र' म्हटले की आधी आठवते ती रांगोळी. दिवाळीत इथे रांगोळ्यांची प्रदर्शने भरतात. दोरीपलीकडे जमिनीवर चेहरे उमटलेले असतात: कपाळावरच्या आठ्या, पिकलेल्या मिशा, डोळ्यांतला ओलावा, साडीच्या काठाची जर. फोटो छापून अंथरलाय असे वाटून लहान मुले हात लावायला वाकतात आणि घरचे त्यांना मागे ओढतात. ते सगळे कोरड्या भुकटीचे असते. त्यात गोंद नाही, पाणी नाही, कुंचला नाही.

माझी आई रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची. अकरा ते सहा, सात ते चार अशी तिची आकडेमोड आमच्या घरात कॅलेंडरसारखी पाठ होती. त्यामुळे रांगोळी मला येते, असे मी वर्षानुवर्षे धरून चालले होते. जूचंद्रचे चेहरे पाहिल्यावर कळले की आईची रांगोळी आणि ही रांगोळी यांच्यात भुकटी तेवढी सारखी आहे, बाकी विद्या वेगळी. ती जवळून बघावी म्हणून ओळखीतून एका रंगावलीकाराकडे दोन दिवस बसायचे ठरले. पाऊस सरून हवा कोरडी व्हायला लागली होती. शनिवारी सकाळी आम्ही सहाजण त्यांच्या ओटीवर चटया टाकून बसलो. त्यांना सगळे दादा म्हणत होते, आम्हीही तेच म्हणू लागलो.

पहिला तासभर त्यांनी कुणालाही काही काढू दिले नाही. प्रत्येकापुढे काळा पुठ्ठा आणि वाटीभर पांढरी रांगोळी ठेवली आणि सांगितले, "चिमूट घ्या, आणि ती संपेपर्यंत एक रेघ ओढा. रेघेची जाडी बदलता कामा नये." ऐकायला सोपे वाटले. माझी रेघ सुरुवातीला करंगळीएवढी जाड, मग दोऱ्यासारखी, मग तुटक. आईची सवय हातात होती, तरी तुटक. दादांनी माझा अंगठा धरला आणि दाखवले की मी चिमूट उघडते आहे. चिमूट उघडायची नसते. अंगठा तर्जनीच्या पेरावरून अगदी सावकाश मागे सरकवायचा, जणू पैसे मोजतो आहोत. भुकटी बोटांच्या फटीतून गळत नाही, अंगठ्याच्या सरकण्याने ढकलली जाते. अंगठ्याचा वेग म्हणजे धार आणि हाताचा वेग म्हणजे रेघ. दोन्ही वेग जुळले की रेघ एकसारखी येते. संध्याकाळपर्यंत मला पाच-सहा इंच जुळले.

या भुकटीची गोष्ट सांगायला हवी, कारण अर्धी कला तिच्यात आहे. आपली नेहमीची पांढरी रांगोळी शिरगोळ्याची. शिरगोळा हा मऊसर पांढरा दगड. तो भाजून, कुटून, चाळून पूड करायची. डोलोमाइटसारख्या खनिजाचीही पूड करतात. कोकणात भाताची फोलपटे जाळून उरणारी पांढरी राखही रांगोळी म्हणून वापरायची पद्धत होती. भातशेतीच्या मुलखात ती फुकट मिळायची. दक्षिणेकडची रांगोळी, म्हणजे कोलम, तांदळाच्या पिठाचे असते. प्रत्येक भुकटीचा हाताला लागणारा स्वभाव निराळा. पीठ बोटाला धरून राहते, राख उडते, दगडाची पूड खाली पडते आणि जिथे पडली तिथेच राहते. चेहऱ्याच्या कामाला दगडाची पूड लागते ती यामुळे.

दादांकडे एकाच पांढऱ्या रांगोळीचे तीन डबे होते: जाड, मध्यम आणि वस्त्रगाळ. मला वाटले, जितकी बारीक तितकी चांगली. तसे नाही. कण मोठा असला की त्याचे वजन त्याला खाली ओढते, म्हणून जाड रांगोळी चिमटीतून सरळ वाहते. कण लहान होत गेला की वजन झपाट्याने कमी होते, पण एकमेकांना चिकटून राहण्याची ओढ त्या मानाने तितकी कमी होत नाही. एका हद्दीखाली पूड वाहायचीच थांबते आणि गुठळ्या धरते. गव्हाचा रवा हातातून गळतो आणि मैदा मुठीत बसतो, त्याचे कारण हेच. म्हणून बाह्यरेषा आणि ठिपके जरा जाड रांगोळीने काढायचे, आणि गालाची त्वचा वस्त्रगाळ पुडीने चाळणीतून किंवा बोटांनी भुरभुरून बसवायची.

दमट हवेत ही अडचण दुप्पट होते. कणांमध्ये पाण्याचा पुसट थर आला की ते एकमेकांना धरतात. जूचंद्र खाडीकाठच्या मिठागरांच्या पट्ट्यात आहे, हवेत ओल कायमची. दादांच्या अंगणात पत्र्यावर रांगोळी वाळत घातली होती, पापड वाळत घालतात तशी. रंग कालवण्याआधी ती दोन उन्हे खाते, असे ते म्हणाले. ते पाहताना मला येताना दिसलेल्या मिठाच्या राशी आठवल्या. कोरडे कण ओतत गेले की राशीचा उतार एका ठराविक कोनाला येऊन थांबतो, त्याहून उभा होत नाही. वर आणखी ओतले की कण घसरून बुड रुंदावते. रांगोळीचा ठिपकाही एक छोटी रासच असते. म्हणून उंच ठिपका हवा असेल तर तो रुंदही होणार हे धरूनच जागा सोडायची. आगरात मीठ ओढणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही. या पट्ट्यातल्या आगरी समाजाचे नावच आगरावरून आले. त्या कामाचा आणि या कलेचा काही धागा आहे असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण कोरडी भुकटी ओळखणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे एवढे खरे.

रंगांची गंमत आणखी वेगळी. दुकानातली रंगीत रांगोळी चेहऱ्याला चालत नाही. तिच्या छटा मोजक्या आणि भडक. चेहरे काढणारे कलावंत 'लेक' रंग घेतात आणि पांढऱ्या रांगोळीत कालवून हवी ती छटा तयार करतात. लेक म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग एखाद्या न विरघळणाऱ्या पांढऱ्या क्षारावर बसवून केलेली भुकटी. तो रंग चमकतो आणि थोडासाच पुरतो. या शब्दाचा प्रवास मला फार आवडला. युरोपातल्या चित्रकारांनी तो शब्द घेतला तो आपल्या लाखेवरून, संस्कृत 'लाक्षा'वरून. लाखेच्या किड्यांपासून निघणारा लाल रंग तिकडे गेला, त्याच्या नावावरून त्या जातीच्या सगळ्याच रंगांना 'लेक' म्हणू लागले, आणि आता तेच नाव पुडीवर चिकटून जूचंद्रच्या ओटीवर परत आले आहे.

शनिवारी दुपारी आम्हाला चेंडू काढायला दिला. चेहरा नाही, फूल नाही, फक्त करडा चेंडू. पाच वाट्यांत पाच छटा: पांढरी, फिकट करडी, मधली, गडद आणि जवळजवळ काळी. खिडकीतून उजेड एका बाजूने येत होता, पुढ्यात खरा रबरी चेंडू ठेवला होता. मी उजेडाची बाजू पांढरी केली, विरुद्ध बाजू काळी केली आणि मधे छटा भरल्या. चेंडू ताटलीसारखा सपाट दिसला. दादांनी खऱ्या चेंडूच्या काळोख्या कडेकडे बोट दाखवले. सर्वांत गडद पट्टा कडेला नव्हताच, कडेच्या थोडा आत होता. कडेला पुन्हा पुसटसा उजेड होता, जमिनीवरून उसळून आलेला. तो उसळलेला उजेड मी एका चिमटीत टाकला आणि चेंडू जमिनीवरून उठला. चाळीस वर्षे मी चेंडू पाहत आले होते, ती कड कधी दिसली नव्हती. मनुष्याच्या हनुवटीखालीही हाच उसळलेला उजेड असतो, सदऱ्यावरून आलेला. तो चुकला की चेहरा मुखवटा होतो.

या कलेला जुना इतिहास आहे आणि एक नवा इतिहासही. जुना इतिहास फार मागे जातो. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत तांदूळ आणि फुलांनी आकृती मांडण्याची कला आहे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात धूलिचित्राचा उल्लेख येतो. श्रीकुमाराच्या 'शिल्परत्ना'त अशा चित्राला क्षणिकचित्र म्हटले आहे. 'रांगोळी' हा शब्द 'रंगावली'वरून आला, म्हणजे रंगांची ओळ. ही परंपरा खुणांची होती: गोपद्म, शंख, चक्र, स्वस्तिक, लक्ष्मीची पावले, चैत्रात गौरीपुढचे चैत्रांगण. तिथे गाय काढायची म्हणजे गायीचे पाऊल काढायचे. गायीच्या डोळ्यातली चमक काढायची गरज कुणाला वाटली नव्हती, कारण पाहणाऱ्याला खूण पुरे होती.

नवा इतिहास मुंबईचा आहे. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि उजेड-सावलीने शरीर घडवण्याची पाश्चात्त्य रीत इथल्या हातांत आली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि त्या रीतीने काढलेल्या देवदेवता छापील तसबिरींतून घरोघर पोचल्या. फोटो स्टुडिओ आले, सिनेमाची पोस्टरे आली, गणेशोत्सवाची सजावट आली. मराठी माणसाची चित्राकडून अपेक्षाच बदलली. 'अगदी हुबेहूब' ही दाद तयार झाली. मग ती अपेक्षा भुकटीकडेही वळली. मुंबईत गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांनी रांगोळीतल्या व्यक्तिचित्राला मोठा मान मिळवून दिला. जूचंद्रची रांगोळी याच घराण्यातली, असे मी समजते: हातातली चिमूट आजीची, नजर कलाशाळेची.

रांगोळीची आणखी एक शैली पुढे पसरली. १९८१ साली संस्कार भारती ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या नावाने ओळखली जाणारी पाच बोटांतून ओतायची रांगोळी रस्त्यावर आली. तिचे गालिचे शोभायात्रेत शोभतात आणि दहा-वीस माणसे मिळून ते तासाभरात घालतात. चेहऱ्याचे काम त्याच्या उलट आहे. एका मोठ्या व्यक्तिचित्राला कित्येक तास जातात, कधी दोन-तीन रात्री, आणि बरेचसे एकट्याने.

रविवारी आम्ही डोळ्याला हात घातला. संपूर्ण चेहरा दोन दिवसांत शिकणे शक्य नाही, हे दादांनी आधीच सांगितले होते. त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाच्या फोटोतला एकच डोळा दिला, वीतभर मोठा करून काढायला. फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, पुठ्ठ्यावर खडूने तितकेच पण मोठे चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनातली रेषा तिथल्या तिथे उतरवायची. साइनबोर्ड रंगवणारे आणि पोस्टर रंगवणारे हीच पद्धत वापरत आले. चौकोनांचा फायदा फक्त मापापुरता नसतो. समोर डोळा दिसला की आपला हात माहितीतला डोळा काढतो, बदामासारखा, दोन्ही टोके सारखी. चौकोनात डोळा दिसत नाही, एक वाकडी रेघ दिसते, आणि ती जशी आहे तशी काढावी लागते.

क्रमही ठरलेला आहे. आधी सगळीकडे चाळणीने त्वचेची मधली छटा बसवायची. मग गडद जागा, मग उजेडाच्या जागा. बुबुळ, पापण्या आणि सर्वांत शेवटी बुबुळावरचा पांढरा ठिपका. काम नेहमी आपल्यापासून लांबच्या कडेने सुरू करून जवळ यायचे, कारण भरलेल्या भागावरून हात परत नेता येत नाही. मोठ्या रांगोळीत कलावंत मध्यभागी बसून हळूहळू मागे सरत बाहेर येतो, फरशी पुसणारी बाई दाराकडे सरत येते तसा. पंखा बंद, खिडकीला चादर. एकदा शिंकेने माझी अर्धी पापणी उडाली. दादांनी ती पुसू दिली नाही. उडालेली भुकटी पुसायला गेलो की ती खालच्या थरात घासली जाते आणि करडा डाग कायमचा बसतो. तिच्यावर त्या जागेच्या छटेचा नवा थर टाकायचा. रांगोळीत खोडरबर नसतो, फक्त वरून टाकणे असते. म्हणून जाणकार सुरुवातीला थर पातळ ठेवतात. चुकांना जागा लागते.

सुरकुती कशी काढायची हे मी जवळून पाहिले आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी गडद तपकिरी चिमटीने एक रेघ ओढली होती. ती सुरकुती दिसत नव्हती, पेनची रेघ दिसत होती. दादांनी माझ्या रेघेच्या खालच्या अंगाला, केसाइतके अंतर सोडून, फिकट छटेची दुसरी रेघ टाकली. मग कोरड्या तर्जनीच्या टोकाने वरच्या रेघेची वरची कड नुसती हलवली, दोनदा. ती कड त्वचेत विरली, खालची कड तीक्ष्ण राहिली. एका बाजूने सावकाश उतरणारी आणि दुसऱ्या बाजूने एकदम संपणारी सावली म्हणजे घडी, असे डोळा मानतो. एका मिनिटाचे काम होते. त्यासाठी त्यांनी जेमतेम दोन चिमटी रंग वापरला.

जवळून पाहिले तर त्या त्वचेत निळे कण होते, हिरवटही होते. गुलाबी आणि पिवळ्याच्या मधे ते वेगळे दिसत होते. उभे राहिले की ते नाहीसे होऊन गहूवर्ण उरायचा. रंग पाण्यात कालवला की एकजीव होतो; भुकटी कालवली की कण आपापल्या रंगाचेच राहतात आणि मिश्रण होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरला तर असेच ठिपके दिसतात. फ्रान्समध्ये जॉर्ज सोराने १८८४ ते १८८६ या काळात नदीकाठच्या रविवारचे एक प्रचंड चित्र बारीक ठिपक्यांनी रंगवले ते याच तत्त्वावर. त्याने रंगशास्त्राची पुस्तके वाचून ते केले. जूचंद्रमध्ये ते तत्त्व हाताने सापडते. निळा थोडा टाकला की सावली जिवंत होते, हे दादा सांगतात आणि करून दाखवतात.

आणखी एक पेच जमिनीवरच्या चित्राचा. भिंतीवरचे चित्र आपण समोरून पाहतो, जमिनीवरचे तिरके. सहा फूट लांब चेहऱ्याच्या पायथ्याशी उभे राहिले की कपाळ लांब जाते आणि आखूड दिसते, हनुवटी जवळ येते आणि मोठी दिसते. त्यामुळे काही कलावंत कपाळ मुद्दाम थोडे ताणून काढतात. हेच ताणणे टोकाला नेले की खड्ड्यातून वर येणारी थ्रीडी रांगोळी होते, जी एकाच जागेवरून खरी वाटते आणि दुसरीकडून पाहिली तर रबरासारखी ताणलेली दिसते. प्रदर्शनात पाहणाऱ्याने कुठे उभे राहावे हे दोरी ठरवते, आणि दोरी कुठे बांधायची हे कलावंत.

रविवारी दुपारी जेवणानंतर शेजारच्या एक आजी आल्या. कमरेवर हात ठेवून आमचे सहा डोळे पाहत गेल्या. माझ्या पुठ्ठ्यापाशी थांबून म्हणाल्या, "बाय, हा डोळा कुठं बघतोय?" मी फोटो पाहिला. म्हातारा डावीकडे बघत होता, माझा डोळा नुसताच उघडा होता. बुबुळावरचा चमकीचा ठिपका मी मधोमध टाकला होता. आजींनी कधी चेहऱ्याची रांगोळी काढली नव्हती. दर दिवाळीला पाहिल्या मात्र होत्या, सगळ्या.

तिथे मला या गावाचे उत्तर मिळाले, निदान माझ्यापुरते. रांगोळी शिकवणारी पुस्तके आहेत, व्हिडिओ तर हजारो आहेत. लेक रंग मुंबईच्या बाजारात कुणालाही मिळतात. तरी ही कला एका गावात इतकी दाट का उगवते? शिकवणाऱ्यांइतकेच तिथले पाहणारेही तयार आहेत म्हणून. मुलगा चौथी-पाचवीत असल्यापासून काका-दादांच्या रांगोळीभोवती उभा राहून लोकांचे बोलणे ऐकतो: नाक जड झालेय, मिशी चिकटवल्यासारखी दिसते, साडी मस्त पण हात लाकडी. चिमूट हातात यायच्या आधी त्याच्या डोळ्याला शंभर चुका ठाऊक असतात. शहरातून येणारे आमच्यासारखे लोक दोन दिवसांत हात कमावत नाहीत. पण तशी नजर थोडीफार उचलू शकतात, आणि माझ्या मते अशा शनिवार-रविवारच्या बैठकीचा खरा लाभ तोच आहे. जी शिबिरे दोन दिवसांत 'तयार वस्तू' घरी न्यायचे वचन देतात, त्यांच्यापेक्षा एक चेंडू आणि एक डोळा देणारी बैठक मला मोलाची वाटते.

आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रांशी ताडून पाहिले की या कलेची आणखी एक बाजू दिसते. वारली लग्नाचा चौक तांदळाच्या पिठीने गेरूच्या भिंतीवर काढायचा, तो सवासिणी काढायच्या, आणि लग्न झाले की त्याचे काम संपायचे. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन वारली पाड्यांवर गेले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले, जगभर गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आल्यामुळे ते चित्र विकता आले, जपता आले, संग्रहालयात ठेवता आले. त्याचे मोल मोठेच आहे. पण ज्या हातांनी चौक काढला जायचा त्या बायका पुष्कळ काळ मागेच राहिल्या. रांगोळीतही मला हे थोडे बोचते. दारातली रोजची रांगोळी बाईच्या हातची, तिला नाव नाही. मंडपातली भव्य रांगोळी बहुधा पुरुषाच्या नावाची. आमच्या सहाजणांत चौघी बायका होत्या आणि चिमटीची सवय आम्हालाच आधीपासून होती. या अंगणातल्या सवयीला चेहऱ्याच्या विद्येची जोड मिळाली तर किती हात तयार होतील, हा विचार मनातून जात नाही.

चेहऱ्याची रांगोळी कागदावर जाऊ शकत नाही. भुकटी चिकटवून चित्र टिकवण्याचे प्रयत्न जगात झाले आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या मेजवानीच्या टेबलावर रंगीत वाळू आणि साखरेची नक्षी घालणारे कारागीर असत. त्यांतल्या बेंजामिन झोबेल या जर्मनीहून आलेल्या माणसाने वाळू डिंकावर बसवून कायमची चित्रे केली. ती आजही जपलेली आहेत. पण भुकटी चिकटली की तिचा मखमली पोत जातो. रांगोळीचे तेज सुट्या कणांवरून चहूकडे विखुरणाऱ्या उजेडाचे असते आणि ओल लागली की ते मावळते. केरळच्या कळमेळुत्तू या विधीत पाच रंगांच्या पुडींनी देवी काढतात. तांदळाचा पांढरा, जाळलेल्या तुसाचा काळा, हळदीचा पिवळा, पानांचा हिरवा आणि हळदीत चुना घालून लाल. विधी संपला की ती पुसतात. तिबेटी भिक्षूही वाळूचे मंडल संपल्यावर झाडून टाकतात. तिथे पुसणे हा विधीचाच भाग आहे. जूचंद्रमध्ये पुसण्यामागे असा विधी नाही, प्रदर्शन संपले की हॉल रिकामा करून द्यावा लागतो. रविवारी संध्याकाळी आम्ही झाडलेली भुकटी दादांनी टाकली नाही. सगळे रंग मिसळून तिचा मातकट करडा झाला होता. ती चाळून त्यांनी एका डब्यात भरली आणि म्हणाले, "पुढच्या चेहऱ्याच्या खालचा थर."

न टिकणाऱ्या कलेचा एक परिणाम मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. मागच्या पिढीची उत्तम रांगोळी आज कुणालाही प्रत्यक्ष बघता येत नाही. फोटो उरतो, पण फोटोत थर दिसत नाहीत, कुठल्या कडेवरून बोट फिरले ते दिसत नाही. ते ज्ञान फक्त शेजारी बसून मिळते. दक्षिणेत कोलमच्या बाबतीत एक वेगळा प्रयत्न झाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ठिपक्यांभोवती फिरणाऱ्या कोलमच्या रेषांचे नियम लिहून काढले आणि संगणकशास्त्रातल्या चित्रव्याकरणाच्या अभ्यासात त्यांना जागा मिळाली. ठिपक्यांच्या रांगोळीचे असे व्याकरण लिहिता येते, कारण ती मोजता येते. आईची 'अकरा ते सहा' कुणीही वहीवर उतरवून घेऊ शकते. गालावरून विरत जाणाऱ्या सावलीचे व्याकरण अजून माणसाच्या तर्जनीतच आहे.

कुणाला असे शिकायला जायचे असेल तर पावसाळा टाळावा. रंग चाळताना तोंडाला फडके किंवा मास्क बांधावा. दगडाची बारीक धूळ रोज छातीत जाणे चांगले नाही, आणि हे काम रात्र-रात्र करणाऱ्या कलावंतांनी तर ते नेमाने पाळायला हवे. गुडघ्याखाली जाड उशी न्यावी. शिकवणाऱ्याला त्याच्या दोन दिवसांचे रीतसर मानधन द्यावे, कलेची आवड आहे म्हणून तो फुकट शिकवील असे धरू नये. ज्याची वस्तू विकली जात नाही त्याला वेळच विकावा लागतो.

घरी आल्यावर महिनाभर मी रोज अर्धा तास काळ्या पुठ्ठ्यावर रेघा ओढल्या, मग चेंडू, मग पुन्हा रेघा. दिवाळीत जूचंद्रच्या प्रदर्शनाला गेले तेव्हा गर्दी होती. एका वृद्ध शेतकऱ्याच्या चेहऱ्यापाशी दोरीला टेकून मी हनुवटीखालचा उसळलेला उजेड शोधला, होता. सुरकुत्यांच्या कडा पाहिल्या. एका बाजूने विरलेल्या, दुसऱ्या बाजूने तीक्ष्ण. मला तो चेहरा निर्दोष वाटला. शेजारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. तो आपल्या मित्राला म्हणाला, "कान खाली आलाय." मी भुवईपासून कानाच्या वरच्या टोकापर्यंत नजरेने आडवी रेघ ओढली. कान बोटभर खाली होता.